पारावरच्या गप्पा : नाव एक, माणसे अनेक



आमच्या गावात एकाच नावाचे दोन शेतकरी होते. नुसते नावच नव्हे, बापाचे नावही एक आणि आडनावही एक. भावकीच एक, तेव्हा आडनाव वेगळे कुठून येणार? आणि दोघांच्या आजोबांची नावे कुळदैवतावरून ठेवलेली, म्हणून नातवांचीही तीच. गावाने आपली सोय आपणच करून घेतली होती. वरच्या आळीतला तो 'वरचा' आणि ओढ्याकडचा तो 'खालचा'. गावात कधी घोटाळा झाला नाही. घोटाळा झाला तो कागदावर.

१९७२ च्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी सोसायटीची थकबाकीची नोटीस आली. पोस्टमनने ती वरच्याच्या हातात दिली. त्याला वाचता येत नव्हते. मी तेव्हा शाळेत होतो, म्हणून त्याने मला ओट्यावर बोलावले. मी मोठ्या ऐटीत नाव वाचले, रक्कम वाचली आणि 'मुदतीत न भरल्यास जप्ती' हेही वाचले. कोपऱ्यात शाईने खाते नंबर लिहिला होता, तो मात्र वाचला नाही. तो वाचायचा असतो हे मला ठाऊकच नव्हते.

वरच्याने आयुष्यात कर्ज काढलेले नव्हते. पण त्याचे वडील नुकतेच गेले होते. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दादांनी काढलं असंल. बोलले नसतील." पोळ्याला आठ दिवस होते. बाजारच्या दिवशी त्याने जोडीतला एक बैल विकला आणि पैसे भरून पावती आणली. त्या पोळ्याला त्याच्या दारात एकच बैल उभा होता. त्याच्या बायकोने त्या एकाच बैलाला ओवाळले, पुरणपोळीचा घास दिला आणि ती आत निघून गेली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सुगी झाल्यावर खालचा आपले कर्ज भरायला गेला, तेव्हा तुमच्या नावावर बाकीच नाही, असे त्याला सांगण्यात आले. माणूस सरळ. तो चौकशी करीत बसला आणि सगळा उलगडा झाला. त्याच रात्री तो वरच्याच्या अंगणात आला.

"आबा, माझं देणं तू फेडलंस. मला सांगितलं का न्हाईस?"

"मला तरी कुठं ठावं? कागदावर माझंच नाव व्हतं की!"

खालच्याने दोन सुगींत सगळे पैसे फेडले. आणि वरच्याची जोडी पुन्हा होईपर्यंत खालच्याचा एक बैल वरच्याच्या औताला जात असे. गोष्ट गोड झाली, पण ती दोन माणसे चांगली होती म्हणून. नाही तर दोन घरांचे कायमचे वैर झाले असते. तेव्हापासून मला एक खोड लागली. कुठेही नाव वाचले की मी विचारतो, "हा कोणता?" त्या खोडीपायी जे काही हाती लागले, त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवतो.

बाळ गंगाधर म्हटले की आपल्या तोंडून पुढे आपोआप टिळक येते. पण आपल्याकडे बाळ गंगाधर तीन होऊन गेले, आणि तिघांनीही नाव काढले. पहिले बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' काढले. ते मराठीतले पहिले वृत्तपत्र. म्हणून तर ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो. शास्त्रीबुवा गेले १८४६ साली, अगदी तरुण वयात. पुढे दहा वर्षांनी, १८५६ साली टिळक जन्मले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८१ च्या जानेवारीतच 'केसरी' सुरू केला. तिसरे बाळ गंगाधर खेर. १९३७ ते १९३९ आणि पुन्हा १९४६ ते १९५२ या काळात त्यांनी मुंबई प्रांताचा, मग मुंबई राज्याचा कारभार पाहिला. तुमच्याआमच्या घराशी या तिसऱ्या बाळ गंगाधरांचा संबंध जवळचा आहे. १९४८ चा कुळवहिवाटीचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. ज्याच्या आजोबाचे नाव कूळ म्हणून लागले आणि पुढे जमीन मालकीची झाली, त्याने हे नाव ध्यानात ठेवावे.

आणखी एक गंमत पाहा. जांभेकर पोंभुर्ल्याचे, टिळक आणि खेर यांचा जन्म रत्नागिरीचा. पोंभुर्ले आता सिंधुदुर्गात मोडते, पण १९८१ पर्यंत तो सगळा रत्नागिरी जिल्हाच होता. म्हणजे नाव एक, वडिलांचे नाव एक आणि जिल्हाही एक! तिघांना वेगळे करणारे आडनाव काय ते उरले. आडनावावर रागावणाऱ्यांनी एवढे उपकार तरी मानावेत.

दुसरे नाव शाहू महाराजांचे. शाळेतली मुले इथे हमखास घसरतात. एक शाहू छत्रपती साताऱ्याचे. ते संभाजी महाराजांचे पुत्र. त्यांचा जन्म १६८२ चा. लहानपणीच मोगलांच्या कैदेत पडले, १७०७ साली सुटले आणि १७४९ पर्यंत गादीवर होते. बाळाजी विश्वनाथाला पेशवाई दिली ती यांनी. दुसरे शाहू छत्रपती कोल्हापूरचे, १८७४ ते १९२२. ज्यांना आपण राजर्षी म्हणतो ते हे. मागासलेल्या वर्गांना नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम १९०२ साली काढला तो यांनी. मुलांसाठी वसतिगृहे उघडली ती यांनी. भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले तेही यांनीच. दोघांच्या मध्ये सव्वाशे वर्षे गेली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जन्मनाव यशवंतराव. कागलच्या घाटग्यांच्या घरातून ते १८८४ साली दत्तक आले, तेव्हा त्यांना शाहू हे नाव मिळाले. पूर्वजाचे नाव घेतले आणि त्या नावाला आपल्या परीने नवी झळाळी दिली. परीक्षेत 'शाहू महाराजांची कामगिरी लिहा' असा प्रश्न आला, तर मुलांनी आधी विचारावे, "गुरुजी, साताऱ्याचे की कोल्हापूरचे?" असे विचारणारा पोर हुशार समजावा.

आता भाऊराव. कर्मवीर भाऊराव म्हटले की सातारा, सांगली, नगरकडचा माणूस म्हणेल, रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटील. बरोबर. कुंभोजला जन्म, १९१९ साली कराडजवळ काले इथे संस्थेची स्थापना, आणि गोरगरिबांच्या पोरांनी कमवावे आणि शिकावे ही रीत. पण नाशिककडच्या माणसाला विचारा, कर्मवीर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे दादासाहेब गायकवाडही येतील. त्यांचे नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड. दिंडोरीजवळच्या आंबे गावी १९०२ साली जन्म. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे खंदे सहकारी. १९३० साली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते पुढे होते, आणि पुढे १९५९ साली व १९६४ साली भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून हजारो माणसे त्यांच्या हाकेला ओ देऊन तुरुंगात गेली. दोघेही भाऊराव, दोघांनाही लोकांनी कर्मवीर म्हटले. एकाने शाळा मागितली, दुसऱ्याने जमीन मागितली. गरिबाला दोन्ही लागतात.

पाटलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. शिक्षणाच्या कामाला पुरते वाहून घेण्याआधी भाऊराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवीत गावोगाव हिंडत असत. आता हे किर्लोस्कर कोणते? नाटकवाले की नांगरवाले? बेळगावकडच्या गुर्लहोसूर गावाने महाराष्ट्राला दोन किर्लोस्कर दिले. थोरले बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब. त्यांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी माणसाला नाट्यसंगीताचे वेड लावले. धाकटे लक्ष्मणराव. त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष होते, अशी तेव्हा लोकांची समजूत होती असे सांगतात. तरी लक्ष्मणराव हटले नाहीत. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. एकाच आडनावाने आपल्याला रात्री जागवले आणि दिवसा राबवले.

नामदेवांची गोष्ट तर याहून मोठी. पहिले अर्थातच संत नामदेव, १२७० ते १३५०. पंढरीच्या या भक्ताने पंजाबापर्यंत विठ्ठलनामाचा डंका नेला. शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत. पण त्यांच्यानंतर दोनेक शतकांनी विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले. त्यांनी महाभारत मराठीत ओवीबद्ध केले. तेही आपल्या रचनेत 'नामा' अशीच नाममुद्रा घालीत. झाले! पुढच्या लोकांनी वह्या उतरवून घेताना दोघांचे अभंग एकमेकांत मिसळून टाकले. कोणता अभंग कोणत्या नामाचा, यावर पंडितांनी वर्षानुवर्षे डोकी शिणवली आहेत. आमच्या सोसायटीच्या नोटिशीसारखेच हे झाले. एकाचे दुसऱ्याच्या खाती चढले. फरक एवढाच, की इथे कोणाचा बैल गेला नाही आणि दोन्ही खाती पुण्याचीच होती.

आपल्या काळातही दोन नामदेव झाले, आणि तेही कवीच. ना. धों. महानोर म्हणजे नामदेव धोंडो महानोर. अजिंठ्याच्या डोंगराकडच्या पळसखेड्याचे शेतकरी. जन्म १९४२ चा. 'रानातल्या कविता' लिहिणारा हा माणूस विधान परिषदेत गेला, तेव्हा तिथेही पाण्याचे आणि शेतीचेच बोलला. 'जैत रे जैत' मधली गाणी त्यांचीच. दुसरे नामदेव ढसाळ. पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९४९ साली जन्म, आणि वाढले मुंबईच्या अत्यंत गरीब वस्तीत. १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्यांत ते होते, आणि 'गोलपिठा' या त्यांच्या संग्रहाने मराठी कवितेला हादरा दिला. एका नामदेवाने रान गायिले, दुसऱ्याने शहराच्या पोटातले दुःख ओकले. ढसाळ २०१४ साली गेले, महानोर २०२३ साली. मागे उभे राहिलेले पहिले नामदेव या दोघांकडे पाहून काय म्हणाले असते कोण जाणे! पण दोघांनाही कीर्तनात उभे केले असते, अशी माझी समजूत आहे.

एव्हाना घरातल्या माउल्या म्हणत असतील, सगळे पुरुषच काय सांगता? तर ताराबाई घ्या. पहिल्या महाराणी ताराबाई, सेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक आणि राजाराम महाराजांची राणी. १७०० साली पती गेल्यावर पदर खोचून उभ्या राहिल्या आणि औरंगजेब मरेपर्यंत सात वर्षे त्याच्याशी झुंजल्या. दुसऱ्या ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. सुरतेच्या एका विधवेला झालेली कठोर शिक्षा आणि त्यावर चाललेली बायकांची निंदा ऐकून त्यांचे रक्त तापले. त्यांनी विचारले ते असे, की जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय? तिसऱ्या ताराबाई मोडक. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा हिशेब. आज आपली नातवंडे ज्या अंगणवाडीत खाऊ खातात, तिची मुळे तिथवर जातात. एका ताराबाईच्या हाती तलवार, दुसरीच्या हाती लेखणी, तिसरीच्या कडेवर मूल. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदी कोण होते? तारा भवाळकर, बायकांच्या ओव्या आणि लोकगीते यांत आयुष्य घालवलेल्या विदुषी. ज्यांच्या घरात तारा नावाची पोर आहे, त्यांनी तिला हे चौघींचे वाचून दाखवावे.

असो. थोरांच्या नावांचा घोटाळा झाला तर फार तर परीक्षेतले गुण जातात. पण नामसाधर्म्याने राजकारणातले मोठमोठे पैलवानही चीत होतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडला सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच मतदारसंघात त्यांच्याच नावाचा एक अपक्ष उभा होता. त्याला ९,८४९ मते पडली! त्यातली किती चुकून पडली हे ज्याचे त्याला ठाऊक, पण हिशेब तुम्हीच मांडा. त्याच वर्षी छत्तीसगडमधल्या महासमुंदला चंदू साहू नावाचे एकूण अकरा उमेदवार होते. पुढे २०१५ पासून मतदान यंत्रावर नावाशेजारी उमेदवाराचा फोटोही लावू लागले. म्हणजे आमच्या गावाने 'वरचा' आणि 'खालचा' करून जे साधले होते, तेच निवडणूक आयोगाला फोटो लावून साधावे लागले.

आता आपल्या घरचे बोलू. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. रीत चांगली आहे, नाव चालते राहते. पण त्यामुळे गणपत महादू, मग महादू गणपत, मग पुन्हा गणपत महादू असा पाळणा सातबारावर फिरत राहतो. दोन चुलतभावांच्या घरी हेच झाले की एका गावात तीन गणपत महादू होतात. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, कोणताही सरकारी वा सोसायटीचा कागद आला की नाव शेवटी वाचा. आधी गाव, गट नंबर आणि खाते नंबर वाचा, आणि तो आपल्या सातबाराशी व आठ-अ शी ताडून पाहा. जुळत नसेल तर पैसे भरू नका, चौकशी करा. नाव चार जणांचे असू शकते, खाते नंबर तुमचाच. २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक मागतात, तोही पाकिटात लिहून ठेवा.

दुसरी, गावात नावाचा जोडीदार असेल तर वारसाची नोंद करताना, खरेदीखत करताना 'ऊर्फ' लावून घ्यायला लाजू नका. सातबारावर नावात चूक झाली असेल तर महसूल कायद्याच्या १५५ कलमाखाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. तो वेळेवर करा. म्हातारा गेल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट नव्या बाळांची. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे, महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत, आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहायचे असा निर्णय झाला आहे. काही जणांना हे उगीचचे वाटते. मला वाटत नाही. आमच्या वरच्याच्या आईचे नाव आणि खालच्याच्या आईचे नाव वेगळे होते. नोटिशीवर ते असते, तर बैल दावणीलाच राहिला असता.

चौथी गोष्ट थोडी उलटी आहे. एका नावाची दोन माणसे जितका घोटाळा करतात, तितकाच एका माणसाची दोन नावे करतात. आणि ही दोन नावे कोणाची असतात? आपल्या घरातल्या बायकांची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेले दुसरेच नाव, रेशनकार्डावर तिसरे, बँकेत चौथे. मग वडिलांच्या जमिनीत वारस लागायची वेळ आली की 'ही तीच कशावरून?' असा प्रश्न तिलाच विचारतात. लग्नाची नोंद करा, दाखला जपून ठेवा, आणि सगळ्या कागदांवर एकच नाव करून घ्या. सुनेचे नाव बदलायची हौस असेल, तर आधी तिला विचारा आणि मग तिचे कागदही बदलून द्या. नाही तर हौस तुमची आणि हेलपाटे तिचे.

वरचा आणि खालचा दोघेही आता नाहीत. दोघांच्या घरी नातू आहेत आणि रीतीप्रमाणे दोघांची नावे पुन्हा तीच आहेत! परवा एकाच्या मोबाइलवर बँकेचा निरोप आला. तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, हे माझंच हाय का त्याचं, जरा बघा." मी चष्मा लावला. या खेपेला नाव वाचलेच नाही. आधी खाते नंबर वाचला.

त्याचाच होता. पैसे जमा झाले होते. एक कोडगे काम पन्नास वर्षांनी नीट झाले, एवढेच म्हणतो आणि रजा घेतो.